प्याला, प्रतिज्ञा आणि उपचार

मराठी साहित्यात दारू पिणारा माणूस पुष्कळ आहे. दारू सोडलेला माणूस जवळजवळ नाही. पिऊन उद्ध्वस्त झालेला वकील आहे, पिऊन बायकोला बडवणारा बाप आहे, गुत्त्याबाहेर लोळणारा हमाल आहे. परंतु जो पडला, उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला आणि मग वीस वर्षे न पिता संसार करून गेला, त्याचे चित्र काढायला आपली लेखणी धजावत नाही. ही उणीव केवळ साहित्यिक आहे असे मी मानत नाही. ज्या समाजाला बऱ्या झालेल्या माणसाची कल्पनाच करता येत नाही, तो समाज आजारी माणसाला निमूटपणे मरू देतो. आपल्या वस्त्यांत आज हेच चालले आहे. म्हणून पिणाऱ्या माणसाकडे पाहण्याची आपल्या साहित्याची व चळवळीची दृष्टी आणि व्यसनाविषयी आज वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेल्या गोष्टी, या दोन्ही मी येथे समोरासमोर ठेवणार आहे.

१

आरंभ गडकऱ्यांपासून केला पाहिजे. कारण मराठी मनावर दारुड्याची जी प्रतिमा ठसली ती 'एकच प्याला'ने ठसवली. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर बुद्धिमान वकील आहे. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते आणि तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढे संसाराची, मुलाची, सिंधूची आणि अखेर स्वतःची राखरांगोळी.

गडकऱ्यांचे निरीक्षण कच्चे होते असे कोणी म्हणू नये. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, काम मागायला जुन्या प्रतिष्ठित मित्रांकडे जातो, तेथे झिडकारला जातो आणि पुन्हा प्याल्याकडे वळतो. व्यसनातून उठलेल्या माणसाला समाजाने दार लावून घेतले की तो पुन्हा कोसळतो, हे सत्य या नाटककाराने शंभर वर्षांपूर्वी पाहिले होते. परंतु या सत्याचे त्याने काय केले? त्याने ते नियतीच्या हवाली केले. एकदा प्याला ओठाला लागला की सुटका नाही, हा नाटकाचा निष्कर्ष. म्हणून नाटकात उपचार नाही, आहे ती फक्त शोकांतिका. तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य येतात तेही प्रेक्षकांना हसवण्यासाठी.

आणि सिंधू? नवरा पितो, मारतो, उपाशी ठेवतो आणि ती दळण दळून त्याची पूजा करीत राहते. पांढरपेशा प्रेक्षकाने तिच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसले. या नाटकानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी सांगितले की नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. एकीकडे पतिव्रतेचे अश्रू, दुसरीकडे घरातल्या बाईच्या हाती दिलेला नकार. दोन संस्कृतींतले अंतर मोजायला एवढे एक उदाहरण पुरे आहे. आपल्या समीक्षेने ही तुलना फार पूर्वीच करायला हवी होती.

'एकच प्याला'ची प्रतिमा आणखी एका कारणाने अपुरी आहे. पिणारा प्रत्येक माणूस सुधाकर होत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या 'एम्स'कडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी मदतीची गरज पडावी इतके पिणे हाताबाहेर गेलेले सुमारे ५ कोटी ७० लाख. म्हणजे साधारण तिघांत एक. हा एक कोण असतो आणि तो का सापडतो, हा खरा प्रश्न आहे. 'एकाच प्याल्या'चे भय दाखवून त्याचे उत्तर मिळत नाही.

२

दलित साहित्याने पिणारा माणूस दिवाणखान्यातून उचलला आणि चाळीत, झोपडपट्टीत, गोदीत, महारवाड्यात आणला. बाबुराव बागुलांच्या कथांतली मुंबई पाहा. १९७८ साली आलेले दया पवारांचे 'बलुतं' पाहा. तेथला मुंबईत गोदीत राबणारा आणि पिणारा बाप मराठी साहित्याला नवा होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आलेल्या आत्मकथनांतून हातभट्टीचा वास येतो. पिणारा बाप येतो, तशीच पोट भरण्यासाठी दारू विकणारी बाईही येते. सनद गेली म्हणून पिणे वेगळे आणि मेलेले ढोर ओढल्यावर, गटारात उतरल्यावर, दिवसभर खडी फोडल्यावर पिणे वेगळे, हे या साहित्याने ठणकावून सांगितले. हे योगदान मोठे आहे.

तरीही मला या आत्मकथनांविषयी एक तक्रार नोंदवायची आहे. त्यांतला बाप पितो तसा पाऊस पडतो. त्याचे पिणे ही परिस्थिती असते. त्याचा स्वतःचा आवाज नसतो. कारण सांगणारा नेहमी मुलगा असतो, शिकलेला, बाहेर पडलेला, आपल्यासारखा. मुलाची लाज, मुलाचा राग, मुलाची दया आपल्याला कळते. पण पहाटे चार वाजता हातपाय थरथरत असताना बाप खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा का चाचपतो, त्या वेळी त्याच्या शरीरात काय चाललेले असते, हे कोणी लिहिले नाही. बाप का प्यायला लागला याचे उत्तर आपण दिले : व्यवस्था. बाप का थांबू शकला नाही याचे उत्तर दिले नाही. हे दोन प्रश्न एक नाहीत. सुरुवात समाजशास्त्राने कळते. न थांबता येणे कळायला शरीरशास्त्रही लागते.

मी हे तटस्थपणे लिहीत नाही. माझे वडील एका नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार होते. चेंबरमध्ये उतरण्याआधी मुकादमच नवटाक पुढे करी. वासाने माणूस परत फिरू नये म्हणून. सुटी नाही, हातमोजे नाहीत, पण दारू आहे. पुढे ती कामाआधीची राहिली नाही. सकाळचा 'उतारा' घेतल्याशिवाय त्यांना कपबशी धरता येत नसे. आईने भगताचा अंगारा आणला, काकांनी तुळशीची माळ घालायला लावली, वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी १४ एप्रिलला सगळ्यांसमोर शपथ दिली. एका सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी केसपेपरवर औषधे लिहिली आणि तोंडी सांगितले, "दारू सोड, नाहीतर मरशील." कशी सोडायची ते कोणीच सांगितले नाही. पोटात पाणी होऊन ते गेले तेव्हा मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. हा प्रसंग अपवादात्मक नाही, म्हणूनच तो येथे सांगतो. माझ्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी तो आज चालू आहे.

याच संदर्भात मल्लिका अमरशेख यांच्या 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) या आत्मकथनाचा उल्लेख केला पाहिजे. चळवळीतल्या एका मोठ्या कवी-नेत्याच्या घरातली दारू, आजार आणि मारहाण यांची साक्ष तेथे पत्नीच्या तोंडून येते. बाहेर क्रांती आणि घरात बाटली, हा विसंवाद त्या पुस्तकाने उघड्यावर मांडला. त्यातून चळवळीने जो धडा घ्यायला हवा होता तो सरळ होता : व्यसन अडाणी बापालाच होते असे नाही, ते कवीला, नेत्याला, प्राध्यापकालाही होते आणि त्याची किंमत आधी घरातली बाई चुकवते.

३

आपल्या परंपरेत दारूविरोध नवा नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. गाडगेबाबा कीर्तनातून कष्टकऱ्याला दारूवरून फैलावर घेत. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते.

या प्रतिज्ञेने लाखो घरे वाचली, हे मान्य केलेच पाहिजे. जो अजून प्यायला लागलेला नाही किंवा सवयीने अधूनमधून पितो, त्याला प्रतिज्ञा पुरते. ती त्याला प्रतिष्ठा देते, सोबत देते, नवी ओळख देते. परंतु ज्याचे शरीर दारूवर अवलंबून झालेले आहे, त्याला नुसती प्रतिज्ञा पुरत नाही. आणि येथे आपण एक अन्याय करतो. प्रतिज्ञा घेऊन पुन्हा प्यायलेल्या माणसाला आपण नालायक ठरवतो, धम्मद्रोही म्हणतो, विहाराच्या पायरीवरून परत पाठवतो. सुधाकरला त्याच्या प्रतिष्ठित मित्रांनी जे केले तेच आपण आपल्या माणसाला करतो.

बाबासाहेबांना मधुमेह होता. मनोनिग्रहाने साखर उतरवा असे त्यांना कोणी सांगितले नाही. औषध दिले, पथ्य सांगितले, काळजी घेतली. मधुमेहाला जो न्याय, तो व्यसनाला का नाही? धम्म कार्यकारणाला मानणारा आहे. दुःख आहे तर त्याचे कारण शोधा, कारण सापडले तर ते दूर करा, हा त्याचा विवेक. व्यसनी माणसाच्या बाबतीत तो विवेक सोडून आपण शाप आणि शपथ यांवर येऊन थांबलो. हे धम्माला धरून नाही.

४

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५६ मध्ये दारूची व्यसनाधीनता हा आजार म्हणून स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत 'मादक पदार्थ सेवन विकार' ओळखण्याची ११ लक्षणे दिली आहेत. बारा महिन्यांत त्यांपैकी दोन-तीन दिसली तर विकार सौम्य, चार-पाच दिसली तर मध्यम, सहा किंवा अधिक दिसली तर तीव्र. ही लक्षणे आपल्या वस्तीच्या भाषेत अशी : एक क्वार्टर म्हणून बसतो आणि तीन होतात. सोडायचे ठरवतो, जमत नाही. मिळवण्यात, पिण्यात आणि उतरण्यात दिवस जातो. तलफ येते. कामावर खाडे होतात. घरात भांडणे होतात तरी चालूच. यकृत बिघडल्याचे डॉक्टरने सांगितले तरी चालूच. आधी नवटाकात चढायची, आता पावशेर लागते. आणि नाही घेतली की अंग थरथरते. हीच फूटपट्टी गर्दला लागते, गांजाला लागते, आणि जो खर्रा वा तंबाखू आपण व्यसनात मोजतही नाही, त्यालाही लागते.

म्हणजे 'व्यसनी' आणि 'चांगला' अशा दोन जाती नाहीत. ती एक चढण आहे. सौम्य पायरीवर थोड्या मदतीने माणूस परत फिरतो. आपण मात्र तो गटारात पडेपर्यंत वाट पाहतो.

हे का होते? दारू आणि इतर मादक पदार्थ मेंदूतल्या सुखाच्या आणि शिकण्याच्या यंत्रणेत डोपामाइन या द्रव्याचा पूर आणतात. वारंवार झाले की मेंदू त्यानुसार स्वतःला बदलतो. साधी सुखे फिकी पडतात आणि मागचापुढचा विचार करून हात आवरणारा मेंदूचा पुढचा भाग दुबळा होतो. कोणाला धोका जास्त यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा. उरलेला बालपणीचे आघात, दारिद्र्य, कामाचे स्वरूप, दारूची उपलब्धता, मनाचे इतर आजार यांचा. हा 'उरलेला निम्मा' या देशात जातीप्रमाणे वाटला गेलेला आहे, हे आपण विसरता कामा नये.

कार्यकर्त्यांनी सर्वांत आधी शिकावी अशी एक गोष्ट आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर त्याच्या जिवाला धोका असतो. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो : भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले असे वाटते, वेळ-जागा कळत नाही. आपण म्हणतो 'बाहेरचे लागले', आणि भगताला बोलावतो. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. वेळेवर दवाखान्यात नेले तर डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधे ठरावीक मात्रेत देऊन, हळूहळू कमी करून आणि 'बी-१' जीवनसत्त्व देऊन हा काळ सुखरूप पार करता येतो. शपथ देणाऱ्याने शपथेच्या तिसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन पाहिले पाहिजे; एरवी ती शपथ जीवघेणी ठरू शकते.

त्यानंतरची औषधेही आहेत. नाल्ट्रेक्झोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट तलफ कमी करायला मदत करतात. डायसल्फिराम घेतलेला माणूस दारू प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून ते त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचे. 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलून आपल्या बाया भाजीत पुड्या कालवतात. त्यात जीव जाऊ शकतो. गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन यांचा दीर्घकाळ उपचार आहे. त्याला 'एक नशा सोडून दुसरी' म्हणणे अज्ञानाचे आहे. तो मृत्यू टाळतो.

आणि पुन्हा पिण्याविषयी. उपचारानंतर पुन्हा वळणाऱ्यांचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के आढळते. रक्तदाब किंवा दमा यांच्या रुग्णांत औषध-पथ्य सुटून आजार उलटण्याचे प्रमाणही असेच मोठे असते. दमा उलटला तर आपण औषध बदलतो. दारू उलटली तर माणूसच टाकून देतो.

५

येथे आपल्याच गोटातून दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत.

पहिला असा : आजार म्हटले की व्यवस्था सुटते. गटारात उतरवणारा कंत्राटदार सुटतो, परवाना देणारे शासन सुटते. हा धोका खरा आहे. इतिहास पाहा. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने गावोगावची, आदिवासींच्या घरची गाळप गुन्हा ठरली आणि दारू हे सरकारी उत्पन्नाचे साधन झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही पुस्तकात आहे आणि त्याच कायद्याखाली परवाने देऊन शासन हजारो कोटींचा महसूल मिळवते. ज्यांना परवाना आणि सीलबंद बाटली परवडत नाही त्यांच्यासाठी हातभट्टी आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. ते आधी डोळे घेते, मग जीव. मेले ते हातावर पोट असणारे. दारूचे विष सर्वांनाच बाधते, पण मिथेनॉल गरिबाच्याच पेल्यात पडते.

परंतु यातून आजार खोटा ठरत नाही. क्षय हा जंतूंचा आजार आहे आणि तो खुराड्यासारख्या खोल्यांचाही आजार आहे. आपण क्षयरोग्याला औषध देतो आणि घरासाठी मोर्चाही काढतो. व्यसनाचेही तसेच. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यात १९९२ च्या सुमारास साक्षरता वर्गात अक्षरे शिकलेल्या दलित-बहुजन बायांनी अरकविरुद्ध उठाव केला आणि सरकारला अरकबंदी करावी लागली. आपल्याकडे गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. बंदीने दुकान लांब जाते, नवा पोरगा वाचतो. पण ज्याला आज थरथर सुटली आहे त्याला बंदी औषध देत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून 'सर्च' संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहभागाने चाललेल्या 'मुक्तिपथ'ने गावातली दारू बंद करणे आणि व्यसनी माणसाला उपचार देणे ही कामे जोडली. मोर्चा आणि दवाखाना दोन्ही हवेत, हा त्यातला धडा.

दुसरा आक्षेप स्त्रियांचा : आजार म्हटले की मारहाण माफ होते. नाही. तलफ हा आजाराचा भाग आहे. बायकोवर उगारलेला हात पुरुषसत्तेचा आहे. न पिणारेही मारतात आणि पिणारे अनेक जण मारत नाहीत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा नवऱ्याच्या रक्तात दारू किती होती ते विचारत नाही, आणि आपणही विचारू नये. तो उपचार घेईल म्हणून तिने मार खात थांबावे, ही सिंधूची शिकवण झाली. महाडची नव्हे.

६

मग मदत कोठे? 'एम्स'च्या त्याच पाहणीत एक आकडा आहे : दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळाली. हा आकडा प्रत्येक वस्तीच्या फलकावर लिहावा असा आहे.

जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग हे पहिले दार. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून तेथे जाता येते आणि बहुतेकांना दाखल होण्याची गरजही पडत नाही. शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर, आणि २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही मनाच्या आजारांसाठीची सेवा १४४१६ वर, विनाशुल्क उपलब्ध आहे. व्यसनमुक्तीचा विषय केंद्रात सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे, म्हणजे अनुसूचित जातींचा विषय ज्यांच्याकडे त्यांच्याचकडे. आपण शिष्यवृत्तीसाठी त्या दारावर धडका देतो. उपचारासाठी एकदाही दिली नाही. गर्दसारख्या पदार्थांच्या बाबतीत पोलिसांच्या भीतीने मुले लपतात. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच, स्वतःच्या सेवनापुरत्या गुन्ह्यातल्या व्यसनी माणसाने आपणहून उपचार घेतल्यास त्याला खटल्यापासून संरक्षण देणारी तरतूद आहे.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केले. गर्दच्या विळख्यातली मुले पाहून अनिल अवचटांनी केलेले लेखन त्यामागे होते आणि पु. ल. देशपांडे यांचे अर्थसाहाय्य त्याला मिळाले. लेखनातून संस्था उभी राहिल्याचे हे मराठीतले दुर्मीळ उदाहरण आहे. समीक्षक म्हणून मला त्याचे मोल वाटते : तेथे लेखकाने व्यसनी माणसाची केवळ दया केली नाही, त्याला प्रश्न विचारले आणि उत्तरे ऐकून घेतली.

सगळीच केंद्रे तशी नाहीत. माणसाला घरातून बांधून नेणारी, डांबणारी, मारणारी केंद्रेही चालतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व मादक पदार्थांशी निगडित मनोविकार आपल्या कक्षेत घेतले आहेत आणि कोणत्याही रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास बंदी घातली आहे. वडिलांना दाखल करण्यापूर्वी मुलाने विचारावे : नोंदणी आहे का, डॉक्टर येतो का, घरच्यांना भेटू देता का, बाहेर पडल्यावर पुढे काय?

'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली चळवळ महाराष्ट्रातही चालते. फी नाही, सोडण्याची इच्छा एवढीच अट. तिच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, म्हणून आपले कार्यकर्ते नाक मुरडतात. पण ज्याने-त्याने आपल्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ लावावा अशी तेथे मोकळीक आहे. कित्येक जण समूहालाच ती शक्ती मानतात, आणि संघाला शरण जाणे आपल्याला परके नाही. मला तिथली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तेथे माणूस फक्त पहिले नाव सांगतो. आडनावावरून जात हुंगणाऱ्या या देशात आडनावाशिवाय बसता येईल आणि आपले दुःख बोलता येईल, अशा जागा किती आहेत? अर्थात खेड्यात हे सोपे नाही. तेथे आडनाव न सांगताही सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून आपल्या विहारांतून, समाजमंदिरांतून, वाचनालयांतून अशा बैठका आपणच भरवल्या पाहिजेत. पिणाऱ्यांच्या वेगळ्या, त्यांच्या बायकांच्या वेगळ्या.

७

शेवटी साहित्याकडे येतो. दलित साहित्याने वेदना आणि विद्रोह यांना भाषा दिली. बरे होण्याला भाषा देणे हे त्याचे पुढचे काम आहे. हे काम कठीण आहे, कारण बरे होणे नाट्यमय नसते. त्यात स्फोट नाही. ते पहिल्या पगाराच्या दिवशी गुत्त्याचा रस्ता टाळून लांबच्या रस्त्याने घरी येणे आहे. सहा महिन्यांनी लग्नाच्या वरातीत पुन्हा पडणे आहे आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत येऊन ते सांगणे आहे. मुलीने बापाच्या तोंडाचा वास घेणे हळूहळू थांबवणे आहे. याला कादंबरी लागते, धीराची कादंबरी.

आणि ते लिहिताना भाषा तपासावी लागेल. 'बेवडा', 'गर्दुल्ला' ही नावे ठेवून आपण माणसाचे सगळे माणूसपण एका बाटलीत कोंबतो. ज्यांना हजारो वर्षे एकाच शब्दाने ओळखले गेले, त्यांनी तरी हे करू नये.

माझी विद्यार्थ्यांना विनंती आहे : 'एकच प्याला' वाचा, 'बलुतं' वाचा, आणि मग आपल्या वस्तीत दारू सोडून जगणारा एखादा म्हातारा असेल त्याच्याकडे वही घेऊन जा. त्याने पहिला महिना कसा काढला ते विचारा. कोणी दार उघडले, कोणी लावून घेतले ते विचारा. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. कार्यकर्त्यांना विनंती आहे की यंदा १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी प्रतिज्ञा द्याल तेव्हा शेजारी एक टेबल मांडा, त्यावर जिल्हा रुग्णालयाची वेळ आणि मदतवाहिनीचा क्रमांक लिहा, आणि प्रतिज्ञा घेणाऱ्याला विचारा : रोज किती घेता? सकाळी हात थरथरतात का? थरथरत असतील तर त्याला घरी पाठवू नका. सोबत घेऊन दवाखान्यात जा. आणि तो पुन्हा प्यायला, तर पुन्हा जा.